रिंगांचा साचा

गावात त्या दोघा भावांना कोणी नावाने हाक मारत नसे. एक मोठा, एक धाकटा. विहीर खणायची ठरली की घराघरात एकच वाक्य निघायचं, "मोठ्या-धाकट्याला सांगून ठेवा." एक जण खाली उतरून खणायचा, दुसरा वर रहाटाशी उभा राहून मातीच्या टोपल्या ओढायचा. दमले की पाळी बदलायची. मग एकदा मोठ्याची पाळी असताना वाळूचा थर लागला, बाजूची कड खचली आणि सगळी माती त्याच्या अंगावर आली. संध्याकाळपर्यंत उकरून धाकट्यानेच त्याला बाहेर काढलं.

त्यानंतरही लोक त्याला धाकटाच म्हणत राहिले. आता तो कोणापेक्षा धाकटा, हे कोणाच्या मनात आलं नाही. त्याच्याही आलं नाही.

तो रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे, घर सावरेल. काही दिवसांनी तो दुसऱ्या एका विहिरीत उतरला. रहाटावर आता त्याचा साडू उभा राहायला लागला, बायकोच्या बहिणीचा नवरा. हा साडू बडबड्या होता. वरून सारखा काहीतरी सांगत राहायचा, कोणाची म्हैस हरवली, कोणाचं लग्न मोडलं. खालून उत्तर यायचं नाही. साडूला त्याचं काही वाटायचं नाही. त्याच्या बायकोकडूनही उत्तर येत नसे.

घरात धाकटा जेवायचा, उठायचा, हात धुवायचा. बायको एकदा मीठ घालायलाच विसरली. पोरांनी तोंडं वाकडी केली. तो शेवटचा घास संपवून उठला.

"अहो, अळणी झालं होतं, कळलं नाही का?"

"हो का," तो म्हणाला.

मोठ्याला जाऊन दोन वर्षं होत आली, तेव्हा गावात एका मदत संस्थेची मुलगी आली. पायात मोठे बूट, पाठीला पिशवी, हातात पाटीएवढा फोन. ती घरोघर जाऊन सांगत होती की प्रत्येक घराला एकदाच एक रक्कम मिळेल, थेट फोनवर जमा होईल, परत करायची नाही, आणि ती कशावर खर्च केली हे कोणी तपासणार नाही. रक्कम ऐकून लोक हसले. वर्षभर राबूनही एवढे पैसे कोणाच्या हातात एकदम येत नव्हते. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर साबण लावता लावता बातमी फोडली की हे लोक नंतर जमिनी लिहून घेतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ते त्या दिवशी निर्धास्त झोपले.

मुलगी धाकट्याच्या घरी आली तेव्हा सगळे घरात होते. आई दारात बसली होती, बायको धान्य निवडत होती, वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वहिनी म्हणजे मोठ्याची बायको. तिला मूल नव्हतं. गिरणीवाल्याच्या घरची धुणीभांडी करून ती चार पैसे आणायची.

मुलीने नाव, वय वगैरे विचारलं आणि मग सहज विचारलं, "या घरात चुली किती?"

"एक," आई म्हणाली.

वहिनी हातातलं ओलं कापड तसंच धरून दारात आली. "दोन."

खरं तर दोनच होत्या. मोठा गेल्यावर थोड्याच दिवसांनी वहिनीने मागच्या अंगणात तीन दगड मांडले होते आणि आपलं आपण शिजवायला लागली होती. धूर सगळ्यांना दिसायचा. पण ती गोष्ट घरात कोणी तोंडातून काढली नव्हती, आणि जोवर ती तोंडातून निघत नव्हती तोवर घर एकच होतं.

"माझा मुलगा गेला म्हणून घर फुटलं नाही," आई मुलीला म्हणाली. "लिही एक."

"आई, मी वेगळी शिजवते. खोटं कशाला सांगायचं?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मुलीने धाकट्याकडे पाहिलं. घरातला पुरुष म्हणून असेल. सगळ्यांनीच पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याने मागच्या अंगणाकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "दोन."

त्या दिवसापासून बायकोने वहिनीशी बोलणं टाकलं. आई दोघींशी बोलत होती, पण फक्त कामापुरतं.

पैसे आले तेव्हा धाकटा गिरणीवाल्याच्या शेतात, विहिरीत होता. खाली फोनला रेंज नसते, म्हणून फोन साडूच्या खिशात असायचा. फोन वाजला, साडूने वाचलं, आणि वरून ओरडला, "अहो साडूभाऊ, आले! खरंच आले की!" मग त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून पाहिला. तिथेही आले होते. तो काठावरच नाचायला लागला आणि थोडी माती खाली पडली.

"माती पाडू नका," खालून आवाज आला. मग कुदळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

गावात पुढचे दिवस जत्रेसारखे गेले. कोणी पत्रे आणले, कोणी दोन शेळ्या, कोणी पोराला मोटरसायकल घेऊन दिली आणि ती पहिल्याच दिवशी ओढ्यात गेली. न्हाव्याने, जमीन लिहून घेतील म्हणणाऱ्या न्हाव्याने, फिरती खुर्ची आणली. बायको रोज एक नवी गोष्ट सुचवायची. पत्रे बदलू, गाय घेऊ, थोडे तुमच्या बहिणीला देऊ. धाकटा म्हणायचा, "बघू." तो पैशाला हात लावत नव्हता, तसंच नकोही म्हणत नव्हता. त्याला त्याविषयी काही वाटतच नव्हतं. फोनवर एक आकडा होता, बस.

गिरणीवाल्याच्या विहिरीत दोन पुरुष उंचीच्याही खाली गेल्यावर वाळू लागली. आधी ओलसर, मग मोकळी. कुदळ मारली की बाजूने सळसळ करत खाली यायची. धाकट्याने हात लावून पाहिलं. मग टोपलीचा दोर हलवला आणि वर आला.

गिरणीवाला बांधावर छत्री धरून बसला होता. कामावर नजर ठेवायला तो स्वतः यायचा.

"काय रे, पाणी लागलं?"

"वाळू लागली."

"मग चांगलंच की. वाळूखाली पाणी असतं."

"असतं. पण रिंगा टाकल्याशिवाय मी आता खाली उतरणार नाही, मालक."

रिंगा म्हणजे सिमेंटची मोठी गोल कडी. माणूस कड्याच्या आत उभा राहून खणतो, कडं स्वतःच्या वजनाने खाली सरकतं, वरून दुसरं बसवायचं. माती बाहेर, माणूस आत. शहराकडे तसंच करतात. पण रिंगांना पैसे पडतात, आणि या भागात ते कोणी देत नसे.

गिरणीवाला हसला. "आजवर किती विहिरी खणल्यास? तेव्हा कधी रिंगा मागितल्या नाहीस ते?"

"नाही मागितल्या."

"आता फुकटचे पैसे आले म्हणून मस्ती आली वाटतं."

धाकट्याने विचार केल्यासारखं केलं. "हो," तो म्हणाला. "त्यामुळेच."

तो हे उद्धटपणे म्हणाला नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. पाणी लागेपर्यंत विहिरीची पूर्ण मजुरी मिळत नसे, आणि अर्धवट सोडून गेलं की झालेल्या कामाचंही पाणी व्हायचं. आधी सोडून जाणं परवडतच नव्हतं, म्हणून ते मनात यायचंही नाही. आता परवडत होतं. एवढंच. त्याने कुदळ, फावडं, घमेलं गोळा केलं. साडू तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि मग दोर गुंडाळायला लागला.

घरी आल्यावर बायकोने कपाळावर हात मारला. गिरणीवाल्याशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं? जाऊबाई त्यांच्याच घरी भांडी घासतात, त्यांचं काम जाईल ते वेगळंच. आणि गेलंच. दुसऱ्या दिवशी वहिनीला दारातूनच परत पाठवलं.

गिरणीवाल्याने शेजारच्या गावचा एक विहीरवाला आणला. तो रिंगांशिवाय उतरला. धाकटा घरी बसला होता. त्याच्या मनात त्या माणसाविषयी ना काळजी होती ना राग. चौथ्या की पाचव्या दिवशी पाणी लागलं. कड खचली नाही, काही झालं नाही. पाणी गोड निघालं. गिरणीवाल्याने गावाला चहा पाजला आणि धाकट्याच्या घरावरून जाताना मोठ्याने म्हणाला, "घाबरट माणसाला पाणी लागत नाही!"

साडूला फार लागलं. "मी असतो तर थोबाडीत दिली असती," तो म्हणाला. तो तिथेच होता, चहा प्यायला गेला होता.

धाकटा बसून राहिला. सकाळी उठून कुठे जायचं नाही असा दिवस त्याच्या आयुष्यात फार पूर्वी कधीतरी येऊन गेला असेल. तो दारात बसायचा, उन्हाबरोबर सरकायचा. बायको घाबरली. माणूस विहिरीत असायचा तेव्हा तो गप्प आहे हे दिसत नव्हतं. आता दिवसभर दिसत होतं.

एक दिवस दुपारी वहिनी मागच्या दाराने घरात आली. दोन चुली झाल्यापासून ती पहिल्यांदाच आत आली होती. आईने तिच्याकडे पाहिलं आणि पाट पुढे सरकवला.

"भावजी, साचा घेऊ," वहिनी म्हणाली.

"कसला?"

"रिंगांचा. लोखंडाचा मिळतो, तालुक्याच्या बाजारात मागच्या गल्लीत. आतला एक, बाहेरचा एक. मी पुलाच्या कामावर दोन वर्षं काँक्रीट कालवलंय, मला प्रमाण माहीत आहे. माझ्या पैशात साचा येईल. खडी, वाळू, सिमेंट तुमच्या पैशातून. अर्धं-अर्धं."

बायको कोपऱ्यातून म्हणाली, "आणि घेणार कोण? इथे कोणी रिंगा टाकतं का?" ती वहिनीशी बोलत नव्हती, म्हणून हे तिने भिंतीला उद्देशून म्हटलं.

"महाग असतात म्हणून टाकत नाहीत. शहरातून आणायला रिंगांपेक्षा गाडीभाडं जास्त पडतं. अंगणात केल्या तर निम्म्यात देता येतील."

"आणि नाही खपल्या तर?"

"नाही खपल्या तर नाही खपल्या," वहिनी पण भिंतीलाच म्हणाली. "पण मला परत कोणाची भांडी घासायची नाहीत."

आईने विचारलं, "रिंगा असत्या तर मोठा वाचला असता का गं?"

"असता," वहिनी म्हणाली.

सगळे पुन्हा धाकट्याकडे बघायला लागले. त्याला वाटलं, हे बरं आहे, आपल्याला काही सुचत नाही आणि लोक आपल्याकडे बघतात. "घेऊ," तो म्हणाला.

साचा आला. गंज चढलेला, जुना, पण सरळ. वहिनीने त्याला आतून काळं तेल फासलं. धाकट्याने खडी चाळली. तारेची जाळी वाकवून दोन साच्यांच्या मधे बसवली, काँक्रीट ओतलं, सळईने ठासलं. सगळं नीट झालं. आणि दुसऱ्या सकाळी साडूने उत्साहाच्या भरात साचा घाईने उघडला. रिंग सरळ उभी राहिली, तिघांनी मान डोलावली, आणि मग ती केकसारखी बसत गेली. शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हिला थोडी विश्रांती हवी होती," साडू म्हणाला.

बायको खिडकीतून बघत होती. तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं नाही. वहिनीही हसली. त्यानंतर दोघींचं बोलणं सुरू झालं, कोणी आधी बोलायचं हा प्रश्नच उरला नाही. दुसऱ्या रिंगेवर ओली पोती बायकोनेच टाकली आणि दिवसातून तीनदा पाणी मारायचं कामही तिनेच घेतलं. ती रिंग टिकली. मग अंगणात हळूहळू रांग लागली. गावातले लोक येऊन रिंगेवर बसून गप्पा मारायचे, पण विकत कोणी घेत नव्हतं. आईने त्यातल्या एकीवर सूप ठेवून वाळवण घातलं.

पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? शेजारच्या गावचा विहीरवाला, गिरणीवाल्याची विहीर ज्याने खणून दिली तोच. हातात टोपी धरून अंगणात उभा राहिला.

"मी त्या विहिरीत होतो तेव्हा बायको रोज बांधावर येऊन बसायची," तो धाकट्याला म्हणाला. "तुम्ही सोडून गेलात हे तिला कळलं होतं. आता म्हणते, यापुढे रिंगांशिवाय उतरलास तर मी माहेरी जाईन. मला नवीन काम मिळालंय. मालकाला सांगितलं, रिंगांचे पैसे तुम्ही द्या, मजुरी थोडी कमी घेईन. तो तयार झालाय."

"मजुरी कमी करू नका," वहिनी म्हणाली.

"अं?"

"आम्ही रिंगेमागे थोडं कमी घेतो. मजुरी कमी केली की ती कमीच राहते."

असं काम सुरू झालं. धाकट्याला ते जमत होतं. खडी, वाळू, पाणी, ठासणं, थांबणं. हात कामात असले की डोकं मोकळं असायचं, आणि मोकळ्या डोक्यात काहीच येत नसे. बायको रात्री कूस बदलत म्हणाली, "आता तरी बरं वाटतंय ना?" तो म्हणाला, "वाटत असेल." पैसे आले, काम सुटलं, दुसरं लागलं, आणि माणूस आहे तिथेच आहे, असं तिला वाटत असावं.

पुढच्या उन्हाळ्यात रिंगा बसवून विहीर खणून द्यायचं पहिलं काम त्यांनी स्वतः घेतलं. खाली साडू उतरला. त्याने हट्टच धरला होता. "आयुष्यभर वरून बोलत आलो, एकदा खालून बोलून बघतो." धाकटा रहाटावर उभा राहिला. दिवसभर खालून बडबड येत होती, कड्यातून घुमत. मोटरसायकल अजून ओढ्यातच पडून आहे, न्हाव्याची खुर्ची आता एकाच बाजूला फिरते.

मग बडबड थांबली.

धाकट्याने दोर ओढून पाहिला. सैल होता. त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग तो काठावर आडवा झाला आणि आत तोंड घालून ओरडायला लागला. पलीकडे रिंग ढकलत असलेल्या वहिनीने त्याच्या तोंडून असलं काही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. साडूच्या आईपासून सुरू करून त्याच्या सगळ्या खानदानाला त्याने शिव्या घातल्या. वर ये, तो म्हणत होता, आत्ताच्या आत्ता वर ये, कोणी सांगितलं होतं तुला खाली जायला, कोणी सांगितलं होतं.

"अहो, काय झालं काय?" खालून आवाज आला. "डोळा लागला होता जरा. गार आहे इथे."

साडूला वर घेतलं. धाकटा काठावरून उठलाच नाही, रहाट वहिनीनेच फिरवला. साडू ओला, मातीने माखलेला, डोळे चोळत बाहेर आला आणि माफी मागायला त्याने तोंड उघडलं, तोच धाकट्याने त्याच्या दंडाला धरलं. मारेल असं वाटलं. पण त्याने फक्त धरून ठेवलं, बराच वेळ. साडू चक्क गप्प उभा राहिला.

"चला," शेवटी वहिनी म्हणाली, "उन्हं उतरताहेत."

त्या दिवशी काम तिथेच थांबवलं. विहीर पुढच्या आठवड्यात झाली. पाणी लागलं.

पावसाळ्यानंतर संस्थेची मुलगी पुन्हा आली. तेच बूट, आणखी झिजलेले. ती घराघरात विचारत होती की पैशाने काय बदललं. वहिनीने तिला रिंगांची रांग दाखवली, दुसरा साचा दाखवला, सिमेंटचे भाव कसे चढलेत ते सांगितलं, आणि पुढच्या वेळी येताना एखादा गाडीवाला ओळखीचा असेल तर पाठवून दे म्हणाली. आईने सांगितलं की तिचा मोठा मुलगा हे पैसे येण्याच्या दोन वर्षं आधी गेला, ते पण लिही. मुलीने ते लिहिलं. कुठल्या रकान्यात लिहावं ते तिला कळत नव्हतं, पण लिहिलं.

"आणि तुमच्यासाठी काय बदललं, दादा?" तिने धाकट्याला विचारलं.

मुलगी थांबली. बायको पण हातातलं काम थांबवून दारात आली.

"मला विचार करायला लागेल," तो म्हणाला. "लगेच सांगता येणार नाही."

मुलगी हसून पुढच्या घरी गेली.

दोन दिवसांनी तो तार आणायला तालुक्याला गेला. तार घेतली, ती गाडीत टाकली, आणि परतताना चपलांच्या दुकानासमोर थांबला. विहिरीत चपला घालत नाहीत, त्यामुळे त्याला चांगल्या चपला कधी लागल्याच नव्हत्या. होत्या त्या पोरांच्या जुन्या, टाच बाहेर येणाऱ्या. दुकानदाराने एक जोड काढून दिला. धाकट्याने घातला, दोन पावलं चालला, थांबला.

"छान बसलाय," दुकानदार म्हणाला.

"अंगठ्याला चावतोय."

"नवीन आहे. वापरून वापरून सैल पडेल. सगळ्यांचंच असं होतं."

धाकट्याने खाली पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी खरंच दुखत होतं. त्याने पाय काढून घेतला आणि बाकावर बसला.

"नको," तो म्हणाला. "दुसरा दाखवा."